कांदळवन राखून गावाच्या पदरात काही पडतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या गावच्या खाडीकाठी कांदळवन आहे. ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन ते राखलं, तर गावातल्यांना त्यातून पोटापाण्याचं काही मिळेल का? खेकडापालन, होडीतली सफर वगैरे ऐकतो, ते खरंच चालतं की नुसतं कागदावर?"

मिळतं. पण उशिरा मिळतं, आणि बहुतेक वेळा आधी भलत्यालाच मिळतं. मला या दुसऱ्या गोष्टीबद्दलच जास्त सांगायचंय. खेकड्यांचं प्रशिक्षण देणारे पुष्कळ भेटतील, पण लाभार्थ्यांची यादी कशी करायची हे कोणी सांगत नाही.

मी मालवण तालुक्यातली. घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर. नवरा पाग (फेकायचं जाळं) घेऊन जातो, सासूने जन्मभर तिसऱ्या (शिंपल्या) काढल्या. मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते आणि आता गावच्या कांदळवन समितीत आहे. तेव्हा खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं आमच्याच चुकांतून आलेलं आहे.

आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच येतो: "आमची झाडं, आम्ही का नाय तोडूची?" मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 च्या अंतरिम आदेशाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आणि 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात ती पक्की केली. जमीन सरकारी असो की तुमच्या आजोबांच्या नावावरची, तोड बंदच. आमच्याकडे तर तिवराची, म्हणजे खारफुटीतल्या एका जातीची, कितीतरी झाडं खासगी सातबाऱ्यावर उभी आहेत, तीही सामाईक, पंधरा-वीस नावांची. मालक मुंबईला, झाडं इथे. म्हणजे राखायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. राखणार कोण, एवढंच ठरवायचं असतं. एका वनरक्षकाकडे चार-चार गावांचे काठ असतात. तो दुचाकीवरून येईपर्यंत कोयती घरी जाऊन धुऊनही होते.

राज्य सरकारने 2012 मध्ये वन विभागात वेगळा कांदळवन कक्ष काढला. सप्टेंबर 2017 मध्ये कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आली. तिची घडी साधी आहे. ग्रामसभेत ठराव करायचा, गावाची कांदळवन सह व्यवस्थापन समिती करायची, सूक्ष्म आराखडा बनवायचा आणि गट पाडायचे. गटांनी झाडं राखायची, लावायची. बदल्यात खेकडापालन, कालवं, शिनाणे (एक प्रकारचे शिंपले), पिंजऱ्यातला जिताडा मासा, शोभिवंत मासे, पर्यटन यांतलं जे तुमच्या खाडीला मानवेल त्यासाठी मदत. सामूहिक कामाला शासनाचे 90 टक्के आणि गटाचे 10, वैयक्तिक कामाला 75 आणि 25. अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करताना कक्षाच्या कार्यालयात विचारून घ्या.

कागदावर ही योजना मला आजही चांगली वाटते. आमची गाडी अडली ती त्या दहा टक्क्यांवर.

झालं असं, की पहिल्या ग्रामसभेला माणसं बऱ्यापैकी आली. दहा टक्के वाटा आधी भरायचाय म्हटल्यावर हात वर कोणाचे झाले? दुकानवाल्याचा, दोन होमस्टेवाल्यांचा, मुलगा बोटीवर आहे अशा घरांचा. वैयक्तिक तळ्यासाठी नावावर जागा हवी, म्हणून पुन्हा तेच. माणसं वाईट नव्हती. पण त्यांच्यातला एकही कधी गुडघाभर चिखलात उतरलेला नव्हता. बंदीने ज्यांचं काही जाणार होतं, त्यांची नावं यादीत नव्हती.

कोणाचं जाणार होतं? आमच्या वाडीत एक काकी आहे. जमीन नाही, नवरा गेलेला. रोज सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरायची, तासा-दोन तासांत टोपलीभर तिसऱ्या काढायची आणि परत येताना वाळक्या तिवराची मोळी डोक्यावर. तिसऱ्या विकायच्या, मोळी चुलीला. गॅस आहे तिच्याकडे, पण सिलिंडर कोपऱ्यात कापड घालून ठेवलेला असतो, पावण्यांसाठी. समितीने फलक लावला, "कांदळवनात प्रवेश करून लाकूडतोड करणे गुन्हा आहे". काकीला वाचता येत नाही. तिला कोणीतरी सांगितलं की खाडीतच जायला बंदी आहे. चार दिवस ती गेली नाही. पाचव्या दिवशी अंधारात गेली. आजवर दिवसाढवळ्या वाळकी लाकडं गोळा करणारी बाई त्या दिवसापासून रात्रीची ओली फांदी तोडू लागली, कारण अंधारात वाळकी शोधत कोण बसणार? हे आमच्या 'संवर्धना'चं पहिलं फळ!

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. सभेतली यादी बाजूला ठेवली. उधाणाच्या दिवसांत सलग तीन सकाळी, सुकतीच्या वेळेला, मी आणि समितीतले आणखी दोघे वही घेऊन खाडीवर गेलो आणि चिखलात कोण उतरलंय ते लिहून घेतलं. कोण तिसऱ्या काढतंय, कोण कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बिळात आकडी घालतंय, कोण सरपण नेतंय. तीन दिवसांत जी नावं आली त्यांतली निम्म्याहून जास्त बायकांची होती, आणि त्यांतली सभेला जवळजवळ कोणीच आली नव्हती. सभा सकाळी होती. तेव्हा त्या कुठे असणार? खाडीत!

दहा टक्क्यांचं उत्तर प्रभागसंघात, म्हणजे आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या संघात, सापडलं. उमेद या सरकारी उपजीविका अभियानाचे गट गावात होतेच. प्रभागसंघाने गटाला कर्ज दिलं, हप्ता विक्री सुरू झाल्यावर. जागा खाडीकाठच्या एका मालकाने लेखी कराराने दिली. तो करार ग्रामपंचायतीसमोर करून घेतला. हे विसरू नका. गट चालू लागला की मालकाला जमीन परत आठवते.

आता खेकड्यांकडे येते, तुम्ही खास विचारलंय म्हणून. पोटासाठी करायचं तर हा धंदा चालतो, पण रिकाम्या वेळचा जोडधंदा म्हणून करू नका, तो अंगावर येईल.

चिखलातली कुर्ली, तुमच्याकडे चिंबोरी म्हणत असतील, बोटाच्या पेराएवढं पिल्लू असताना सोडली तर विकायच्या वजनाला यायला आठ-दहा महिने लागतात. पिल्लं बहुतेक तमिळनाडूतल्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राच्या उबवणुकीतून येतात. प्रवासातच काही मरतात. उरलेली तुम्ही जाळीच्या कुंपणात सोडता, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. कुर्ली कुर्लीला खाते. वाढताना ती कवच टाकते आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. त्या वेळात शेजारणीच्या नजरेस पडली की संपली. म्हणून आत लपायला कौलांचे तुकडे, पाइपचे तुकडे, जुने टायर टाकावे लागतात. हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. आम्ही "बघू पुढे" म्हटलं. पहिल्या वर्षी सोडलेल्यांतली निम्मीसुद्धा हाती लागली नाहीत.

जाळी वर ताणून भागत नाही. कुर्ली खालून उकरून जाते. चांगली हात-दीड हात चिखलात पुरावी लागते आणि वरच्या काठाला आतल्या बाजूने गुळगुळीत प्लॅस्टिक लावावं लागतं, म्हणजे चढताना घसरते. खाणं रोजचं, हलकी मासळी चिरून, शक्यतो संध्याकाळी. मासेमारी बंद असते त्या पावसाळ्यात ही हलकी मासळीही महाग होते, आणि हिशेब कोसळतो तो तिथेच. त्यासाठी मे महिन्यातच सुकवून ठेवायची.

आम्ही दुसऱ्या वर्षापासून अर्धा डाव बदलला. नुकतंच कवच टाकलेल्या, आतून पाणीच पाणी असलेल्या मोठ्या कुर्ल्या बाजारात कोणी घेत नाही. त्या स्थानिक मासेमारांकडून स्वस्तात घ्यायच्या, वेगवेगळ्या खणांच्या पेट्यांत तीन-चार आठवडे पोसायच्या आणि भरल्या की विकायच्या. एका खणात एकच, म्हणजे मारामारी नाही. पैसा लवकर फिरतो. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, अमावस्येची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ. व्यापारी हे बोलून दाखवत नाही, पण पुनवेच्या सुमारास भाव पाडून मागतो. काकी आता पेटीतली कुर्ली उचलते, पोटाशी अंगठ्याने दाबते आणि सांगते, "अजून आठ दिस." तिचा अंदाज वजनकाट्यापेक्षा बरा असतो. लाखेने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी तिने एकदा हॉटेलवाल्याला थेट विकली, आणि त्या दिवसापासून दलालाचं आणि तिचं पटत नाही!

शिनाणे आणि कालवं यांचं थोडक्यात. शिनाण्यांचं बी दोरीला बांधून खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी खारं आहे तिथे टांगतात. खर्च कमी, खाणं घालावं लागत नाही. पण पहिल्या मोठ्या पावसाने पाणी गोडं झालं की सगळं मरतं, म्हणून मेअखेर काढणं भागच. एक वर्ष आम्ही "अजून थोडं वजन येऊदे" म्हणून थांबलो. पाऊस आमच्यासाठी थांबला नाही. जिताड्याच्या पिंजऱ्याला खोल आणि वाहतं पाणी लागतं. आमच्या खाडीला ते नाही, म्हणून त्यावर मी बोलत नाही.

होडीतल्या सफरीचं मात्र जवळून पाहिलेलं सांगते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवन सफर चालवतात. सिंधुदुर्गात तेव्हा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा सागरी जैवविविधतेचा प्रकल्प होता, त्याचा हात सुरुवातीला होता. आमच्या समितीतल्या सहाजणी तिथे बघायला गेलो होतो. बाईच वल्हं मारते आणि बाईच माहिती सांगते. तिने तिवराचं पान तोडून हातात दिलं, म्हणाली जीभ लावा. मीठ! जन्म खाडीवर गेला आणि मला हे ठाऊक नव्हतं. तिवर मुळांवाटे आलेलं जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतो. मग कांदळ या दुसऱ्या झाडाची शेंग दाखवली. ती झाडावर असतानाच रुजते आणि पिकली की भाल्यासारखी खाली चिखलात उभी रुतते. हुरा म्हणून झाड आहे, त्याला हात लावू नका म्हणाली, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे जातात. ही नावं आमच्या सासवांनाही माहीत होती. पण ऐकायला पैसे देणारा माणूस समोर बसलाय म्हटल्यावर तीच माहिती सांगायचा आवाज बदलतो.

तुम्हाला सफर करायची असेल तर आधी पाणी बघा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, भरती कमी चढते तेव्हा लहान फाट्यांत होडी शिरत नाही. पर्यटकाला अकराची वेळ हवी असते आणि खाडीला भरतीची. आमच्याकडे फोनवर पहिला संवाद यावरूनच होतो. पावसाळ्यात सगळं बंद. होडीचा परवाना मेरीटाइम बोर्डाकडून आणि जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाला, यात कुचराई नको. एक अपघात झाला की सगळ्या किनाऱ्याचा धंदा बसतो.

यात ग्रामपंचायतीचं काम काय, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. लोकांना वाटतं पैसा आणणं. माझ्या मते पंचायतीने तीन-चार कंटाळवाण्या गोष्टी केल्या तरी पुष्कळ.

पहिली म्हणजे स्वतःचा कचरा. आमच्या पंचायतीची ट्रॉली वर्षानुवर्षं तिवरातच रिकामी होत होती. मी सदस्य असताना सही करत होते त्या डिझेलच्या बिलावर. श्वसनमुळं चिखलातून वर खुंट्यांसारखी येतात, झाड त्यांतून हवा घेतं. त्यांच्यावर प्लॅस्टिकची चादर पसरली की झाड उभ्याउभ्या गुदमरतं, कोयती लागत नाही. ट्रॉली बंद करायला आम्हाला समिती उभी करण्यापेक्षा जास्त भांडावं लागलं.

दुसरी, विकास आराखड्यात कांदळवनाचं एक पान. आराखड्यात नाव नसेल तर कुठल्याच निधीला हात लागत नाही. रोपवाटिकेची मजुरी रोजगार हमीतून बसवता येते. केंद्राची 2023 ची मिष्टी ही कांदळवन लागवडीची योजना तर रोजगार हमीची सांगड घालूनच आखलेली आहे. जैवविविधता कायद्याखालची जैवविविधता व्यवस्थापन समितीही तुमच्या पंचायतीत कागदावर असेलच. ती जागी करा. लोकजैवविविधता नोंदवहीत काकीसारख्यांची माहिती लिहून घ्या, तिसऱ्या कुठे, कधी, किती. पुढे कोणी बंधारा किंवा जेटी आणली तर हाच कागद उपयोगी येतो.

आणि लागवडीचा उत्साह आवरा! 26 जुलैला, जागतिक कांदळवन दिनी, शाळेची मुलं, पाहुणे, फोटो, सगळं होतं. आम्ही एक वर्ष कांदळाच्या शेंगा मोकळ्या चिखलाच्या पट्ट्यात लावल्या. तो पट्टा रिकामा आहे असं आम्हाला वाटलं. तो तिसऱ्यांचा पट्टा होता, तिथून वाडीतल्या बायकांचं घर चालायचं. रोपं जगली असती तर बायकांचं पोट गेलं असतं, आणि रोपं तरी कुठे जगली, पहिल्याच पावसात वाहून गेली. जिथे झाड कधी नव्हतं तिथे का नव्हतं, हे आधी कोणा म्हाताऱ्याला विचारा. आमच्याकडे आता लागवड फक्त जुन्या तोडीच्या जागी होते, आणि पाणी नीट खेळत असेल तर तीही करावी लागत नाही, बी आपणहून येतं.

इथे थोडं विषयांतर. गावाने खाडी राखायची आणि तिच्यातूनच तिच्या डागडुजीचा पैसा काढायचा, ही कल्पना सरकारी योजनेने आणलेली नाही. शेजारी गोव्यातली खाजणं बघा. नदीकाठी बांध घालून खारं पाणी अडवायचं, आत भात पिकवायचं. बांधात लाकडी दार, ती मानस. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावाने द्यायचा आणि त्या पैशातून बांध सांभाळायचा. बांधाच्या बाहेरची तिवरं लाटेचा मार खातात, म्हणून ती राखायची. पुढे काही ठिकाणी लिलाव घेणाऱ्यांना भातापेक्षा कोळंबी गोड वाटू लागली, खारं पाणी मुद्दाम आत घेतलं गेलं आणि शेतं पडीक झाली. फायदा घेणारा एक आणि बांध फुटल्यावर बुडणारा दुसरा, अशी फारकत झाली की आमची पहिली यादी आणि ती मानस यांत फरक राहत नाही.

हे वाचून कोणीतरी कार्बन क्रेडिटचं, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशांचं, विचारेलच. केनियात गाझी उपसागराकाठची गावं 2013 पासून शंभरेक हेक्टर कांदळवनावर ते करतात, आणि आलेल्या पैशातून पाणी, शाळा अशी कामं गावंच ठरवतात. छान आहे. पण तिथेही आधी गावाची समिती आणि हद्द पक्की होती. आमच्याकडे सामाईक सातबाऱ्यावर सह्या गोळा होईपर्यंत माझी नातवंडं मोठी होतील, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

काय जमलं नाही तेही सांगते. रात्रीचा वाळू उपसा थांबलेला नाही. काठ ढासळतो आणि काठासकट झाडं जातात. त्यापुढे समितीचा फलक काय करणार? तक्रारीच्या पोचपावत्यांची एक फाईल झालीय. आणि आमच्या पाच गटांपैकी दोन बंद पडले. एक पैशांवरून, दुसऱ्यातल्या दोन मुली लग्न होऊन गेल्या आणि मागे कोणी उरलं नाही.

तुमच्या गावात सुरुवात करायची असेल तर अमावस्या किंवा पुनव उलटल्यावरची तृतीया धरा. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ येते, हे तुमच्याकडेही म्हाताऱ्यांना माहीत असेल. तृतीयेला रात्री सव्वादोनची भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास पूर्ण सुकती. सातलाच जाऊन बांधावर बसा. वही आणि पेन न्या, मोबाइलवर लिहू नका, लोक फोटो काढताय समजून निघून जातात. सोबत सरपंच नको. गावातली कोणीतरी एक मासेविकणारी बाई असू द्या, ती नावं सांगेल.